इंदूरहून परदेशचा पहिला प्रवास: अंतर किती, तास किती आणि पोचणार कधी

तिकीट बहुधा तिकडे राहणारी लेक किंवा मुलगा काढतो. इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ येऊन पडते आणि घरातली ज्येष्ठ मंडळी चष्मा चढवून तिच्यावर बोट फिरवत बसतात. "रात्री अडीचला सुटतं अन् सकाळी साडेसहाला पोचतं? म्हणजे चारच तास?" सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग, कुठेही जा, पहिल्यांदा अमेरिकेला निघालेल्या काकू-काकांचा पहिला प्रश्न हाच असतो. आमच्या कॉलनीत अशी तिकिटं वाचून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलंय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

इंदूरहून युरोप-अमेरिकेला थेट विमान नाही. मध्ये दिल्ली, मुंबई किंवा आखातातलं एखादं शहर येणारच. त्यामुळे "इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को किती तास" याचं एका आकड्यात उत्तर नसतं. ते तुकड्यातुकड्यांनी काढायचं आणि मग बेरीज करायची.

१. आधी विमानतळाची तीन अक्षरं तपासा

प्रत्येक विमानतळाला तीन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचा आयडीआर, दिल्लीचा डीईएल. मुंबईचा अजूनही जुन्या नावावरून बीओएमच आहे. तिकिटावर शहराच्या नावापेक्षा या अक्षरांवर भरवसा ठेवा, कारण एकाच नावाची शहरं जगात ढीगभर आहेत. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसं अमेरिकेत अलाबामातही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही आहे (एसजेओ). लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे निरनिराळे विमानतळ आहेत. न्यूयॉर्कला जाणारं तिकीट प्रत्यक्षात शेजारच्या न्यू जर्सीतल्या नूअर्कचं (ईडब्ल्यूआर) असू शकतं. न्यायला येणारा न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर गेला आणि तुम्ही नूअर्कला उतरलात, तर दोघांचीही वरात.

आखातातून जाणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. जुलै २०१९ मध्ये इंदूरहून दुबईचं विमान सुरू झालं, ते आपलं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान. पुढे शारजाचं आलं. शारजा आणि दुबई शेजारी असले तरी विमानतळ दोन आहेत. शारजाला उतरून दुबईहून पुढचं विमान पकडायचं असेल, तर बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं, आणि बाहेर पडायचं म्हणजे तिथला व्हिसा लागतो. स्वस्त मिळालं म्हणून अशी दोन तिकिटं जोडू नका.

२. अंतर काढायचं ते गोलावर

भिंतीवरच्या नकाशावर इंदूरपासून कॅलिफोर्नियापर्यंत पट्टी ठेवली तर वाटतं की विमान अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं सरळ पश्चिमेला जात असेल. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेला सरकेल, सायबेरिया ओलांडेल, ७५ अंश उत्तरेपर्यंत आर्क्टिक समुद्रावर जाईल आणि अलास्कावरून कॅलिफोर्नियात उतरेल. सगळ्यात जवळचा रस्ता तो. नातवंडांच्या शाळेतला प्लास्टिकचा गोलही चालतो. अंतराचा दुसरा कोणताही खुलासा इतक्या पटकन गळी उतरत नाही.

आकडा हवा असेल तर संगणकावर गुगल मॅप्स उघडा, एका विमानतळावर उजवी क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय घ्या आणि दुसऱ्यावर टिचकी मारा. ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या संकेतस्थळावर नुसते दोन कोड टाकले तरी काम होतं. तिथे अंतर मैलांत दिसतंय, नॉटिकल मैलांत की किलोमीटरमध्ये, तेवढं बघून घ्या. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२.

ढोबळ आकडे असे. इंदूर ते दिल्ली ६६० किलोमीटर, इंदूर ते मुंबई ५०५. इंदूर ते लंडन सरळ रेषेत ७,१०० आणि दिल्लीमार्गे ७,४०० च्या आसपास. नूअर्क सरळ १२,३००, दिल्लीमार्गे १२,४००. सॅन फ्रान्सिस्को तर १३,००० च्या घरात, आणि दिल्लीमार्गे जाऊनही जवळजवळ तेवढंच, कारण तो दोरा उत्तरेलाच जातो आणि दिल्ली वाटेवरच पडते. मुंबईमार्गे नूअर्कला गेलात तर सहाशे-साडेसहाशे किलोमीटर वाढतात. ऐकायला फार वाटतं, पण हवेत तो पाऊण तास आहे. तेवढ्यासाठी दिल्लीचा हट्ट धरू नका. दिल्ली की मुंबई हे दुसऱ्याच कारणांवरून ठरतं, ते पुढे येईल.

३. किलोमीटरचे तास करा

मोठी विमानं उंचीवर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. चढताना-उतरताना वेग कमी असतो, शिवाय विमान धावपट्टीपर्यंत रांगत जातं त्यात वेळ जातो. म्हणून हिशेब असा करायचा: अंतराला ८५० ने भागा आणि वर ४० मिनिटं टाका.

दिल्लीचे ६६० किलोमीटर: ४७ मिनिटं अधिक ४०, म्हणजे दीड तास. तिकिटावरही साधारण तेवढंच असतं. दिल्ली ते नूअर्क ११,७६०: पावणेचौदा-चौदा तास अधिक ४० मिनिटं, म्हणजे साडेचौदा. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,३७०: सव्वापंधरा तास.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. रिक्षाचं मीटर मुख्य रस्त्याला लागल्यावर नाही, तुमच्या दारातच पडतं, तसं. म्हणून दिल्लीच्या विमानात घोषणा होते "उड्डाणाचा वेळ एक तास पाच मिनिटं", आणि हातातल्या तिकिटावर दीड तास असतो. दोन्ही खरं आहे.

४. हिशेब आणि तिकीट जुळत नाही, कारण

पहिलं कारण वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो, हिवाळ्यात तर विशेषच. दिल्लीहून लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. त्यामुळे त्याच मार्गावर येताना तासभर, कधी त्याहून जास्त, कमी लागतो.

या वाऱ्याचा एक किस्सा मला फार आवडतो. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, आणि वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोचले. तेव्हा दोन तिकिटांमधलं किलोमीटरचं अंतर बघून निवड करू नका.

दुसरं कारण बंद आकाश. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्या रशियावरून उडत नाहीत, भारतीय कंपन्यांना मात्र तो मार्ग खुला राहिला. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे मुदतवाढ देत राहिला. २०१९ मध्येही काही महिने असंच झालं होतं. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेला निघालेलं भारतीय विमान आधी दक्षिणेला वळून अरबी समुद्रावर जातं. वळशामुळे काही विमानं इंधन घ्यायला युरोपात उतरतात. परदेशी कंपनीच्या विमानाला तो वळसा नसतो, आणि मुंबईहून निघणाऱ्यालाही फारसा फरक पडत नाही.

तिसरं, डोंगर. तिबेटचं पठार इतकं उंच आहे की विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला पटकन सुरक्षित उंचीवर खाली येता येत नाही. म्हणून दोरा तिथून गेला तरी विमानं बहुधा बाजूने जातात.

खरा वेळ बघायचा तर तुमचा उड्डाण क्रमांक फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर टाका. गेल्या काही दिवसांत ते विमान किती वाजता सुटलं आणि किती वाजता टेकलं ते दिसतं. रोज दोन तास उशीर होत असेल तर तो तुमच्या दिवशीही होईल असं धरूनच चाला.

५. घड्याळ: सगळं भारतीय वेळेत आणा

सगळे गोंधळ इथेच होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. दोन्हींची सरळ वजाबाकी केली की "चारच तास" येतात.

आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. पंधरा अंशांना एक तास, म्हणून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. तो अर्धा तास तिथून आला. (आपलं इंदूर त्या रेषेच्या बरंच पश्चिमेला, ७५.८ अंशांवर. म्हणून इथे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या सुमारास. एके काळी भारतीय ज्योतिषी रेखांश शेजारच्या उज्जैनपासून मोजत. तेव्हाचा हिशेब आपल्याला सोयीचा पडला असता.)

आपण किती पुढे, ते असं:
- दुबई-शारजा: दीड तास, बारा महिने तेच.
- लंडन: हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार.
- न्यूयॉर्क, न्यू जर्सी: हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ.
- कॅलिफोर्निया: हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा.

उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात. ही उन्हाळी वेळ अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बंद. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिकेचं घड्याळ बदललेलं असतं आणि लंडनचं नाही. विमान कंपन्यांची वेळापत्रकंही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. जानेवारीत काढलेलं एप्रिलचं तिकीट असेल तर मार्चअखेर वेळा पुन्हा बघाच. इंदूर-दिल्लीचं विमान अर्धा-पाऊण तास मागेपुढे झालेलं असू शकतं.

आता एक उदाहरण सोडवू. समजा जून महिना आहे. इंदूरहून सोमवारी रात्री ८ ला निघून दिल्लीला ९.३० ला पोचायचं. दिल्लीहून मंगळवारी पहाटे २.३० ला विमान, सॅन फ्रान्सिस्कोला मंगळवारी सकाळी ६.३०.

शेवटची वेळ भारतीय करा: सकाळचे ६.३० अधिक साडेबारा तास, म्हणजे मंगळवार संध्याकाळ ७. इंदूर सोडलं सोमवारी रात्री ८ ला. म्हणजे एकूण २३ तास. त्यातले हवेत दीड आणि साडेसोळा, मिळून १८. दिल्लीत बसून ५. बेरीज जुळली की समजायचं, हिशेब बरोबर.

दोन गोष्टींत लोक फसतात. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख: "१२ तारखेला ००.४५" म्हणजे ११ च्या रात्री विमानतळावर असायला हवं. १२ ला रात्री जेवून निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. आणि वेळेशेजारी बारीक अक्षरात असलेलं "+१" किंवा "+२": ते विमानाचे तास नसून पोचण्याची तारीख तितके दिवस पुढची आहे असं सांगतं.

गोळ्यांचं वेळापत्रकही याच भारतीय वेळेच्या कागदावर लिहा. रक्तदाब, मधुमेहाच्या औषधांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना हा कागद दाखवून विचारून घ्या. "सकाळची गोळी" नेमकी कधी घ्यायची, हे विमानात बसून ठरवण्यासारखं नाही.

६. मधला थांबा: दिल्ली, मुंबई की आखात

आधी एक शब्द तपासा. "नॉन-स्टॉप" म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. "डायरेक्ट" विमान मात्र मध्ये उतरू शकतं, फक्त त्याचा क्रमांक बदलत नाही. एजंट "डायरेक्ट आहे हो" म्हणाला तरी पुढे विचारा, मध्ये उतरतं का?

मग बघा, सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे का. एकाच तिकिटावर असेल तर इंदूरला दिलेली बॅग बहुधा थेट पुढे जाते, आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्याने दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. इंदूर-दिल्ली वेगळं काढलं असेल तर त्यातलं काहीच नाही. दिल्लीला बॅग घ्या, बाहेर पडा, पुन्हा रांगेत लागा. विमान चुकलं तर तिकीट गेलं. शिवाय वजन. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३-२३ किलोच्या दोन बॅगा असतात, आणि वेगळ्या काढलेल्या देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो. उरलेल्या किलोंचे पैसे इंदूरच्या काउंटरवर मोजावे लागतात, आणि मग तिथेच बॅग उघडून लाडू-चिवड्याचे डबे बाहेर निघतात. चार पैसे जास्त गेले तरी एकच तिकीट काढा, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबा किती असावा? एकाच तिकिटावर साडेतीन-चार तास. वेगळ्या तिकिटांवर सहाच्या खाली जाऊ नका. दिल्लीत टर्मिनल २ आणि ३ शेजारी आहेत, पण १ लांब, रस्त्याने वळसा घालून. आंतरराष्ट्रीय विमान ३ वरून सुटतं, आणि इंदूरचं विमान कुठे उतरेल ते कंपनीवर अवलंबून. मुंबईत टर्मिनल १ सांताक्रूझकडे, २ सहारला. तिथेही दोघांमध्ये मुंबईचा रस्ता आहे, आणि मुंबईच्या रस्त्याचा भरवसा मुंबईकरही देत नाहीत.

आता ऋतू. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्लीत धुकं असतं, जास्त करून पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत. त्या दिवसांत इंदूरहून सकाळचं पहिलं विमान पकडून दुपारचं आंतरराष्ट्रीय गाठायचा बेत करू नका. दुपारी किंवा संध्याकाळी इंदूर सोडा, नाहीतर सरळ मुंबईमार्गे जा. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: मुंबईला पावसाने खोळंबा होतो, तेव्हा दिल्ली बरी.

आखात किंवा युरोपमार्गे जात असाल तर ट्रान्झिट व्हिसा (नुसतं विमान बदलण्यापुरता) लागतो का ते त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. नियम बदलत असतात. शेजारच्यांच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. अमेरिकेत आणखी पुढे देशांतर्गत विमान असेल, तर पहिल्या शहरातच इमिग्रेशन (पासपोर्ट-व्हिसाची तपासणी) होतं आणि तिथे बॅग घेऊन कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी तीन तास हवेत. दीड तासाचं जोडतिकीट मुलांना चालतं, साठीच्या माणसांना नको.

७. दारापासून दारापर्यंत

वरच्या उदाहरणात २३ तास आले. पण घर ते घर वेगळं. इंदूरचा विमानतळ शहरापासून जेमतेम आठ किलोमीटर, बिजासन टेकडीजवळ. राजवाड्याकडून बडा गणपती, कालानी नगर असा रस्ता. विजय नगरकडून सुपर कॉरिडॉर सरळ पडतो. देशांतर्गत काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचा. रंगपंचमीच्या गेरची आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची मिरवणूक असते, या दोन दिवशी राजवाड्याच्या आसपासचा रस्ता धरूच नका. आंतरराष्ट्रीय काउंटर तास-सव्वा तास आधी बंद होतात, पण सुरक्षा आणि इमिग्रेशनच्या रांगा धरून तीन तास हातात ठेवा.

पलीकडे उतरल्यावर इमिग्रेशन, बॅग आणि पार्किंग मिळून दीड-दोन तास. सगळं धरून २७-२८ तास होतात. व्हीलचेअर हवी असेल तर तिकिटासोबतच मागणी नोंदवून घ्या. भाषेची अडचण असलेल्यांना तिचा चालण्यापेक्षा रांगा सोडवायला जास्त उपयोग होतो.

८. हातातल्या पिशवीत काय ठेवायचं

- पासपोर्ट, सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा, आणि व्हिसा.
- तिकिटाची छापील प्रत. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.
- भारतीय वेळेत मांडलेला तुमचा हिशेबाचा कागद.
- जिथे उतरणार तिथला पूर्ण पत्ता आणि फोन नंबर, कागदावर.
- परतीचं तिकीट आणि प्रवास विमा.
- औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, निदान दोन दिवसांची जास्तीची.
- पॉवर बँक. ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.
- एक स्वेटर. मे महिन्यातही.

९. परतीचा हिशेब वेगळा करा

जातानाचेच तास येताना धरू नका. वारा पाठीशी असेल तर विमान लवकर येतं, पण तारीख मात्र उडी मारते. ९ जानेवारी २०२१ ला एअर इंडियाचं सर्व महिला वैमानिकांचं विमान रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि उत्तर ध्रुवाजवळून बंगळुरूला उतरलं ते ११ तारखेच्या पहाटे. निघाले शनिवारी, पोचले सोमवारी, उड्डाण सतराएक तासांचं. रविवार घड्याळांच्या फरकात गेला. तेव्हा परतल्यावर लगेच कुणाचं लग्न किंवा मुंज असेल तर तिकडची निघायची तारीख पकडून दिवस मोजू नका.

भारतात आल्यावर दिल्लीला किंवा मुंबईला इमिग्रेशन होतं, आणि बहुधा बॅगही तिथेच घेऊन कस्टममधून नेऊन पुन्हा इंदूरसाठी द्यावी लागते. त्यासाठी चार तास धरा. घ्यायला येणाऱ्याला तारखेसोबत वारही सांगा, आणि इंदूरचं विमान दिल्लीहून सुटल्याचा मेसेज मिळाल्यावरच त्याला घरातून निघू द्या. दीड तास हाताशी असतो, बडा गणपतीला गर्दी असली तरी तो वेळेत पोचतो.